तानपुऱ्याची तार कधी संपते, हे आधी ठरवा

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आईचा नौपाड्यात गाण्याचा क्लास आहे. क्लाससाठी सुपरकोलायडरमध्ये (कोड लिहून आवाज तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तानपुरा करतोय. काळी एकच्या तानपुऱ्याच्या चारही तारा मोबाईलवर वेगवेगळ्या रेकॉर्ड केल्या, बफरमध्ये भरल्या आणि दर सेकंदाला एक तार छेडतो. पहिली छेड कधीकधी ऐकूच येत नाही. घरच्या लॅपटॉपवर सगळाच तानपुरा उतरलेला लागतो. पट्टी वर नेली की प्रत्येक तारेच्या शेवटी टक् होतं. वाजता वाजता लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो आणि साधारण सतरा मिनिटांनी नव्या छेडी बंदच पडतात. एडीएसआरचे (आवाजाचा चढ, घसरण, टिकाव आणि रिलीज या चार टप्प्यांचे) आकडे बदलून बदलून थकलो. नेमके कुठले आकडे ठेवू?"

आकडे देतो, पण तुमच्या चारही तक्रारींपैकी एकही आकड्यांमुळे आलेली नाही. कोण किती वेळ जगणार आणि कोणी कोणाला संपवायचं, हे तुमच्या कोडमध्ये कुठेच ठरवलेलं नाही, म्हणून हे होतंय. बफर म्हणजे सर्व्हरच्या (सुपरकोलायडरच्या आवाज तयार करणाऱ्या भागाच्या) मेमरीत पडून असलेला आवाज. तो सिंथच्या आधी तयार असायला हवा आणि सिंथ गेल्यावरच मोकळा व्हायला हवा. सिंथ म्हणजे तुमच्या बाबतीत एक छेड. ती कधी संपली, हे सांगायचं काम एन्व्हलपचं, म्हणजे आवाज वेळेनुसार कसा चढेल-उतरेल ते ठरवणाऱ्या आराखड्याचं. आवाज लहानमोठा करणं हे एन्व्हलपचं वरून दिसणारं काम झालं. छेडीचा शेवट नीट लावणं हे त्याहून मोठं काम आहे आणि नवीन माणूस नेमकं तेच त्याच्याकडून करून घेत नाही.

सतरा मिनिटांचं आधी बघू. सर्व्हरने एका वेळी जास्तीत जास्त किती नोड (चालू सिंथ आणि त्यांचे गट) सांभाळायचे याला मर्यादा असते. आपण बदलली नाही तर ती १०२४. सेकंदाला एक छेड धरली तर १७ मिनिटांत १०२० छेडी होतात. म्हणजे तुमची एकही छेड आजवर मेलेली नाही. सॅम्पल (रेकॉर्ड केलेली तार) संपलं, आवाज थांबला, पण सिंथ तिथेच बसून प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याला, हिशेब करत राहिला. पंखा घोंघावतो तो या गप्प बसलेल्या हजार तारांमुळे. खात्री करायची असेल तर आयडीईच्या (कोड लिहायच्या खिडकीच्या) तळाच्या पट्टीत बघा. तिथे 'एस' अक्षराच्या आधीचा आकडा चालू सिंथचा असतो. तो दर सेकंदाला एकाने चढताना दिसेल.

कारण साधं आहे. एन्व्हजेनला (एन्व्हलप चालवणाऱ्या घटकाला) डनअ‍ॅक्शन सांगितलं नाही तर ते ० असतं, म्हणजे "एन्व्हलप संपला तरी काही करू नकोस". ते २ केलं की एन्व्हलपच्या शेवटच्या टप्प्यावर सिंथ स्वतःला मोकळा करतो. नव्या आवृत्त्यांमध्ये हेच 'डन' या क्लासच्या 'फ्री-सेल्फ' नावाने लिहितात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते बरं.

पण हे कळल्यावर बरीच मंडळी डनअ‍ॅक्शन २ प्लेबफलाही (बफर वाजवणाऱ्या घटकालाही) देऊन टाकतात. तिथे अडचण आहे. एका सिंथमध्ये दोघांना हा अधिकार दिला की जो आधी संपेल तो सगळ्यांना घेऊन जातो. प्लेबफ संपतो तेव्हा लाट शून्यावर असेलच असं नाही. शून्यावर नसताना सिंथ गेला की टक्. म्हणून माझा शिरस्ता असा: मारायचा अधिकार फक्त एन्व्हलपला, आणि एन्व्हलप नेहमी सॅम्पलच्या आधी संपला पाहिजे.

पट्टी वर नेल्यावरच टक् का होतं, ते यातच आलं. काळी एकवरून काळी दोनला जायला रेट (बफर वाचायचा वेग) सुमारे १.१२२ करावा लागतो. १० सेकंदांची तार त्या रेटने ८.९ सेकंदांत संपते. तुमचा एन्व्हलप मात्र कोडमध्ये १० सेकंद लिहून ठेवलेला आहे. तार संपली त्या क्षणी एन्व्हलप सताड उघडा, आणि लाट कापली गेली. मूळ पट्टीत दोघांचे शेवट जुळत होते म्हणून काही जाणवत नव्हतं. एन्व्हलपची लांबी हाताने लिहूच नका. बफड्यूर या युजेनकडून (सिंथमधल्या एका घटकाकडून) बफरची लांबी घ्या, रेटने भागा, त्यातून चढउताराचा वेळ वजा करा आणि उरलेला वेळ मधल्या सपाट टप्प्याला द्या. मग पट्टी कुठलीही असो. (दोन अर्धस्वरांपलीकडे मात्र रेटने ओढू नका. जवारी (तारेचा झंकार) लगेच खोटी वाटायला लागते. त्यापेक्षा पुढच्या पट्टीत तानपुरा लावून पुन्हा रेकॉर्डिंग करा.)

आता आकडे.

तुमच्या सॅम्पलमध्ये तारेचा एन्व्हलप आधीच आहे. बोटाने छेडल्यावर ती कशी उसळली, कशी फुलली, कशी विरली, हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये उतरलेलं आहे. त्यावर पुन्हा एडीएसआर चढवला की तारेला दोनदा विरायला लावल्यासारखं होतं आणि तानपुरा कोरडा वाटतो. रेकॉर्ड केलेल्या तारेवर एन्व्हलपने फक्त कडा सांभाळायच्या: सुरुवातीला २ ते ३ मिलिसेकंद चढ, मध्ये पूर्ण १, शेवटी अर्धा सेकंद उतार. चढ याहून लांबवला तर बोटाचा स्पर्श बोथट होतो. सॅम्पल कापताना छेडीच्या किंचित आधीपासून कापा, म्हणजे तो चढ शांततेत जिरून जाईल.

शेवटचा अर्धा सेकंद आवश्यक आहे, कारण तुमच्या सॅम्पलमध्ये तारेबरोबर खोलीही आली आहे. गोखले रोडची वर्दळ, छतावरचा पंखा, फ्रिज. तार विरून गेल्यावर शेवटी तेवढंच उरतं आणि ते एकदम थांबलं की कानाला खटकतं. शिवाय चार तारा एकावर एक वाजताना चार खोल्यांचा गोंगाट बेरजेत येतो, म्हणजे एकटीपेक्षा ६ डेसिबलने जास्त. यावर कुठलाही एन्व्हलप पुरा पडत नाही. पंखा बंद करून पहाटे रेकॉर्ड करा.

दुसरा एन्व्हलप गेटचा (गेट १ असेपर्यंत तार वाजते, ० झाला की सोडली जाते). खऱ्या तानपुऱ्यात तीच तार पुन्हा छेडताना बोट आधी तिला टेकतं आणि जुनं कंपन तिथेच दबतं. तुमच्या कोडमध्ये तारेची जुनी छेड वाजत असतानाच त्याच तारेची नवी छेड तिच्यावर चढते. दोन्ही एकाच बफरमधून आलेल्या, म्हणून आवाज किंचित पोकळ, फुगल्यासारखा होतो. आईंना विचारा, त्यांना तो नक्की खटकत असणार. उपाय असा: प्रत्येक तारेचा चालू सिंथ एका चलात ठेवा, ती तार पुन्हा छेडायची वेळ आली की जुन्या सिंथचा गेट ० करा आणि नवा सुरू करा. गेटवर चालणाऱ्या या एन्व्हलपचा रिलीज (सोडल्यावरचा उतार) ३० मिलिसेकंद ठेवा. काळी एकच्या खर्जाची कंप्रता सुमारे ६९.३ हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन १४.४ मिलिसेकंदांचं. ५ मिलिसेकंदांत आवाज बंद केला तर आवर्तनाच्या तिसऱ्या भागात तो तुटतो आणि टक् नाही तरी ठप्प असा धक्का ऐकू येतो. ३० मिलिसेकंदांत दोन आवर्तनं बसतात. वरच्या तारांना कमी चालेल, पण चारींना एकच ठेवलं तरी बिघडत नाही.

हे दोन्ही एन्व्हलप एकमेकांना गुणायचे आणि दोघांनाही डनअ‍ॅक्शन २ द्यायचं. दोघेही शून्यावरच संपतात, त्यामुळे इथे कोणी आधी गेलं तरी आवाज तुटत नाही. तानपुरा थांबवून बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू केला तर मेलेल्या सिंथला गेट पाठवल्याबद्दल "नोड सापडला नाही" अशी ओळ दिसेल. ती निरुपद्रवी आहे. गेटच्या चलाचं नाव मात्र 'गेट' असंच ठेवा आणि त्याची सुरुवातीची किंमत १. सिंथला 'रिलीज' म्हटलं की सुपरकोलायडर याच नावाच्या चलाला ० पाठवतो. नाव वेगळं असेल तर संदेश जातो, तार मात्र ऐकत नाही.

एन्व्हजेन एआरवर (आवाजाच्या प्रत्येक मोजमापाला, म्हणजे सॅम्पलला, हिशेब) चालवा, केआरवर नको. केआरचा हिशेब एका ब्लॉकला एकदाच होतो. ब्लॉक ६४ सॅम्पलचा, म्हणजे सेकंदाला ४४१०० सॅम्पल धरले तर सुमारे १.४५ मिलिसेकंद. २ मिलिसेकंदांचा चढ त्यात धड बसत नाही. चार तारांच्या तानपुऱ्यात एआरचा खर्च नगण्य आहे. इथे काटकसर करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

उतरलेल्या तानपुऱ्याचं निदान एका ओळीचं: मोबाईलने ४८००० ला रेकॉर्ड केलं, लॅपटॉपचा सर्व्हर ४४१०० ला चालतोय. प्लेबफ रेट १ असताना सर्व्हरच्या प्रत्येक सॅम्पलला बफरचं एक सॅम्पल वाचतो. फाईल कुठल्या रेटची होती याची तो चौकशी करत नाही. ४४१०० भागिले ४८००० म्हणजे ०.९१९, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर खाली. तुमची काळी एक पांढरी एक आणि तिच्या खालची पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी पडते. रेटला बफरेटस्केलने (फाईल आणि सर्व्हर यांच्या रेटच्या गुणोत्तराने) गुणा, झालं.

पहिली छेड गायब होते ती घाईमुळे. बफरमध्ये फाईल वाचा असं सांगितलं की भाषेकडून (तुमचा कोड चालवणाऱ्या भागाकडून) सर्व्हरकडे फक्त निरोप जातो आणि तुमची पुढची ओळ लगेच चालते. फाईल डिस्कवरून यायला वेळ लागतो, तो सर्व्हरच्या वेगळ्या धाग्यावर जातो. तोवर सिंथ सुरू झालेला असतो आणि रिकामा बफर वाचतो. एक तर सगळं रूटीनमध्ये (मधे थांबू शकणाऱ्या कोडमध्ये) घालून वाचनानंतर सर्व्हरचा 'सिंक' (काम पुरं होईपर्यंत थांबणं) वापरा, नाहीतर वाचन पूर्ण झाल्यावर चालणारं फंक्शन द्या. "दोन सेकंद थांबा" असं लिहिणं ही तात्पुरती मलमपट्टी आहे. क्लासमधल्या जुन्या लॅपटॉपवर दोन सेकंद पुरणार नाहीत. आणखी एक: एखाद्या तारेची फाईल स्टिरिओ असेल आणि प्लेबफला एकच चॅनल सांगितला असेल तर आवाज धड येईलच याची खात्री नाही. वाचतानाच एक चॅनल निवडून घ्या. शेवटी बफर मोकळे करताना क्रम उलटा: आधी चारही गेट ०, रिलीज संपेपर्यंत थांबा, मग बफर सोडा. वाजत्या सिंथच्या पायाखालून बफर काढला तर आवाज कापला जातोच.

तुम्ही वीस मिनिटांची सलग रेकॉर्डिंग लूपवर लावायचाही विचार लिहिला आहे. माझा सल्ला, नको. बफर मेमरीत प्रत्येक सॅम्पलला ४ बाइट घेतो, त्यामुळे ४४१०० ची वीस मिनिटांची मोनो फाईल सुमारे २१२ मेगाबाइट खाते. तीही जाऊ द्या. फेजरने (जागा मोजणाऱ्या युजेनने) मोजत बफआरडीने (त्या जागेचं सॅम्पल वाचणाऱ्या युजेनने) वाचायला गेलात तर त्याहून विचित्र भिंत लागते. सर्व्हरमधले सिग्नल ३२ बिटी दशांश संख्यांचे असतात आणि त्यांत १,६७,७७,२१६ च्या पुढे लागोपाठचे पूर्णांक नेमके मावत नाहीत. ४४१०० ला हा टप्पा ६ मिनिटं २० सेकंदांनी येतो. तिथून पुढे वाचनाचा काटा अडखळतो आणि तानपुरा खरखरू लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर गेला. प्लेबफ आपली जागा आतल्या आत दुप्पट अचूकतेने मोजतो, म्हणून त्याला ही अडचण नाही. फार लांब फाईल असेल तर डिस्कइन वापरा. तो लहान बफरमधून डिस्कवरून वाचत राहतो.

लूप करायचाच असेल तर जोडावर दोन टोकं एकमेकांत मिसळावी लागतात. दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या असतील तर सरळ रेषेतला चढउतार बरोबर. जुळलेल्या नसतील, आणि तानपुऱ्यात त्या सहसा नसतात, तर सरळ रेषेने मधोमध आवाज ३ डेसिबलने खचतो. तिथे मध्यावर दोन्ही बाजू ०.७०७ राहतील असा वक्र हवा. उलट जुळलेल्या लाटांवर तोच वक्र लावला तर मध्यावर ३ डेसिबलचा फुगवटा येतो. कुठल्याही एडिटरमध्ये क्रॉसफेडचे दोन पर्याय दिसतात ते यासाठी.

आता एडीएसआरबद्दल, कारण तुम्ही त्यावरच सगळा जोर लावला होता. ही चार टप्प्यांची कल्पना १९६५ च्या सुमारास व्लादिमीर उसाचेव्स्की या संगीतकाराने सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्याकडे केलेल्या मागणीतून आली. कळ दाबून धरली आहे तोवर सूर टिकायला हवा, हा तिचा गाभा. ऑर्गन, पेटी, बासरी यांना ती बसते. तानपुऱ्याच्या तारेला टिकणारा टप्पा नाहीच. छेडलं की ती विरतच जाते. म्हणून पुढेमागे रेकॉर्डिंग सोडून संश्लेषणाने तार करायची असेल तर एडीएसआर विसरा आणि चढ-उतार एवढाच 'पर्क' एन्व्हलप घ्या.

त्याच्या उताराचा आकार मात्र महत्त्वाचा. चार सेकंदांचा सरळ रेषेतला उतार घेतला तर दोन सेकंद उलटूनही आवाज फक्त ६ डेसिबलने कमी झालेला असतो. ३.६ सेकंदांना २० डेसिबल. उरलेला सगळा अंत शेवटच्या ०.४ सेकंदात. ऐकताना वाटतं तार लोंबकळत राहिली आणि मग कोणीतरी दार लावलं. कान आवाज गुणोत्तराने मोजतो, म्हणून उतारही गुणोत्तराचा हवा. घातांकी टप्पा शून्यापर्यंत नेता येत नाही, कारण गुणत गुणत शून्य कधीच येत नाही. म्हणून ०.००१ पर्यंत न्या, म्हणजे उणे ६० डेसिबल, किंवा पर्कच्या उताराचा मूळचा उणे ४ हा वक्र ठेवा. तो शून्यापर्यंत जातो आणि ऐकायला घातांकीच्या जवळ वाटतो.

इथे बफर स्वतःच वाद्य होऊ शकतो. केव्हिन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एक लहानसा बफर गोंगाटाने भरतात आणि त्यातली लाट पुन्हा पुन्हा फिरवत दर फेरीला शेजारच्या दोन सॅम्पलची सरासरी घेतात. बफरची लांबी म्हणजे तारेची लांबी. काळी एकचा मध्यसप्तकाखालचा सा १३८.६ हर्ट्झ, तर ४४१०० ला लांबी ३१८.२ सॅम्पल. पूर्णांकी ३१८ घेतलं तर सूर जेमतेम एक-दोन सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) हलतो, चालून जाईल. तीन सप्तकं वर हाच गोळाबेरजेचा हिशेब दहा सेंटच्या घरात चुकतो आणि तो सहन होत नाही. सुपरकोलायडरचा 'प्लक' हा युजेन अपूर्णांकी लांबी घेतो, म्हणून तोच वापरा. यात एन्व्हलप वेगळा लागत नाही; फेऱ्यांमध्येच तार विरते. सिंथ मारायला मात्र काहीतरी लागतंच. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की सिंथ मोकळा करू शकणारा 'डिटेक्टसायलेन्स' त्यासाठी आहे; त्यालाही डनअ‍ॅक्शन २ द्या.

जवारी या पद्धतीत आपोआप येत नाही, हेही सांगून ठेवतो. सी. व्ही. रमण यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेवर लिहिताना दाखवलं होतं की, ज्या बिंदूवर छेडल्यावर एखादा आंशिक स्वर (मूळ सुरासोबत उमटणारा वरचा स्वर) नियमानुसार उमटायलाच नको, तो या वाद्यांत ठणठणीत ऐकू येतो. कारण रुंद, किंचित वक्र घोडी आणि तिच्यावर दर आवर्तनाला टेकणारी-सुटणारी तार. साध्या सरासरीला हे जमत नाही. मी करतो ते असं: खऱ्या तारेच्या वरच्या आंशिकांची चढउताराची रेषा मोजून १०२४ बिंदूंच्या बफरमध्ये साठवतो आणि तोच बफर एन्व्हलप म्हणून हळू वाचतो. छेडीनंतर थोड्या वेळाने जवारी फुलते, ती त्यातून बरीच जवळ येते. तरीही आईंच्या वयाच्या गायिकेला फसवेल इतकी नाही.

हाच तानपुरा पुढे अँड्रॉइड फोनवर न्यायचा असेल तर एवढंच. ऑडिओ कॉलबॅकमध्ये (फोन आवाजाचा पुढचा तुकडा मागताना चालवतो त्या फंक्शनमध्ये) फाईल वाचणं, मेमरी मागणं, कुलूप घेणं, लॉग छापणं, सगळं वर्ज्य. ४८००० ला १९२ फ्रेमचा ब्लॉक असेल तर तुमच्या हातात ४ मिलिसेकंद असतात. एकदा उशीर झाला की कडकड. सॅम्पल आधी दुसऱ्या धाग्यावर भरा, पूर्ण भरल्यावर फक्त पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कॉलबॅककडे सोपवा आणि जुना बफर कॉलबॅकने सोडून दिल्यावरच मोकळा करा. एन्व्हलप हाताने लिहिताना रिलीज नेहमी चालू किमतीपासून सुरू करा, १ पासून नाही.

सगळं बदलल्यावर तानपुरा तासभर चालू ठेवा आणि पट्टीतला 'एस' आधीचा आकडा बघत राहा. चार तारांना चार सिंथ, आणि रिलीजच्या ३० मिलिसेकंदांपुरते पाच. तो सहावर गेला तर कुठल्यातरी तारेपर्यंत गेट पोचत नाहीये. आधी चलाचं नाव तपासा, मग तारेचा सिंथ ठेवलेला चल नव्या छेडीने आधीच पुसला जात नाही ना, ते.